तट्टेकाड ते मुन्नार: वर्षावनातली पक्षीसहल कशी आखावी आणि वाटाड्या कसा निवडावा

उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणला नावेत बसलं की तासाभरात पन्नासेक जाती सहज नजरेखालून जातात. पाणी उघडं, उजेड भरपूर, पक्षी मोठे. अशा ठिकाणी तयार झालेला पक्षीनिरीक्षक केरळच्या वर्षावनात पहिल्यांदा शिरतो, तेव्हा त्याची पंचाईत होते. चहूबाजूंनी आवाज येतात आणि दिसतात फक्त पानं. झाडं शंभर फुटांच्या वर, खाली सकाळी आठलाही दिवेलागणीसारखा उजेड, आणि पक्षी एक तर पार शेंड्यावर नाही तर पाचोळ्यात. तुमची दुर्बीण किती महागाची आहे याला इथे फारसा अर्थ नसतो. बरोबर कोण आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून या लेखात वाटाड्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. हॉटेलं आणि पॅकेजं यांची माहिती कुठेही मिळते.

उदाहरण म्हणून तट्टेकाड आणि मुन्नार ही जोडी घेतो. दोन्ही ठिकाणं आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहेत आणि कोकण रेल्वेनं एका रात्रीच्या प्रवासात गाठता येतात. उष्ण कटिबंधातलं सखल वर्षावन आणि डोंगरमाथ्यावरचं थंड जंगल अशा दोन जगांमध्ये तीन तासांचं अंतर आहे. पुढची पद्धत मात्र श्रीलंकेतल्या सिंहराजालाही चालते आणि बोर्निओलाही.

आधी उंची समजून घ्या

तट्टेकाड एर्नाकुलम जिल्ह्यात, पेरियार नदीच्या काठावर, कोतमंगलम गावापासून साधारण 12-13 किलोमीटरवर आहे. अभयारण्य जेमतेम 25 चौरस किलोमीटरचं. ते समुद्रसपाटीपासून अवघ्या 35 मीटरवर सुरू होतं आणि पाचशेच्या थोडं वर संपतं. सालिम अलींनी 1933 मध्ये त्रावणकोर-कोचीनचं पक्षी सर्वेक्षण केलं, तेव्हा या रानाची श्रीमंती त्यांच्या नजरेत भरली होती. पन्नास वर्षांनी, 1983 मध्ये, इथे अभयारण्य झालं आणि ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

मुन्नार 1500 मीटरच्या आसपास आहे. त्याच्या वर एरविकुलम राष्ट्रीय उद्यानाची कुरणं आणि 2695 मीटर उंचीचं अनामुडी, म्हणजे हिमालयाच्या दक्षिणेला भारतातलं सर्वांत उंच शिखर. या माथ्यावर गवताळ डोंगर आणि त्यांच्या खळग्यांमध्ये दाटीनं वाढलेली बुटकी, शेवाळलेली झाडी असते. या झाडीला शोला म्हणतात. शोलातले पक्षी सहसा खाली उतरत नाहीत आणि तट्टेकाडचे बहुतेक वर चढत नाहीत.

म्हणजे खाली मलबारी राखी धनेश, कर्णा (इंग्रजीत मलबार ट्रोगन), फ्रॉगमाऊथ हा निशाचर पक्षी, पांढऱ्या पोटाचा टकाचोर, नवरंग. वर निलगिरी माशीमार, काळा-नारिंगी माशीमार, निलगिरी वुड पिजन, पळनी लाफिंगथ्रश आणि व्हाइट-बेलिड शोलाकिली. शेवटच्या दोघांची गंमत अशी, की ते फक्त सह्याद्रीची रांग तोडणाऱ्या पालघाट खिंडीच्या दक्षिणेलाच आहेत. खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आणि सखल. थंड डोंगरांवर राहणाऱ्या या छोट्या पक्ष्यांना ती ओलांडता आली नाही. दोन्ही बाजूंचे गट लाखो वर्षं वेगळे राहिले आणि वेगवेगळ्या जाती झाल्या. या शोलाकिलींची स्वतंत्र प्रजाती (जीनस) शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये मांडली, त्यामुळे जुन्या फील्ड गाइडमध्ये ती दुसऱ्याच नावानं सापडेल.

पाच रात्री हातात असतील तर तीन तट्टेकाडला आणि दोन मुन्नारला ठेवा. उलटं नको. सखल जंगलात पक्षी शोधायला जास्त वेळ लागतो. घरातून हमखास सूचना येते, की एवढं केरळला चाललोच आहोत तर अलेप्पीची हाउसबोटही करून येऊ. ती जरूर करा, पण वेगळ्या सुट्टीत. पाच दिवसांत तिसरं ठिकाण घुसवलं की दोन सकाळी गाडीत जातात, आणि पक्षीसहलीत सकाळ गेली म्हणजे दिवस गेला.

महिना कोणता

नैर्ऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरात ओसरला तरी केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरला दुसरा पाऊस असतो. रोज दुपारी गडगडाट आणि सरी. डिसेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत हवा धड असते. नवरंगासारखे थंडीतले पाहुणेही तेव्हा आलेले असतात.

एक अडचण लक्षात ठेवा. एरविकुलमला निलगिरी ताहर या डोंगरी रानबकरीच्या विणीसाठी साधारणपणे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये पर्यटकांना बंदी असते. दोन्ही ठिकाणं नीट करायची तर जानेवारी उत्तम. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळाच. मुन्नारच्या रस्त्यावर त्या दिवसांत पक्ष्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त दिसतात. खालच्या जंगलातच रस असेल तर फेब्रुवारी घ्या. तेव्हा पक्षी जोडीनं असतात, गातात, आणि जळवाही कमी झालेल्या असतात.

वाटाड्या: सगळ्यात मोठा निर्णय

बाजारात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे पुण्या-मुंबईचे आयोजक. ते दहा-बारा जणांचा गट जमवतात, प्रवास, मुक्काम, जेवण सगळं बघतात आणि तिथे पोहोचल्यावर एखादा स्थानिक वाटाड्या बरोबर घेतात. दुसरा म्हणजे थेट स्थानिक वाटाड्या. तट्टेकाडला असे बरेच जण आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. अनेकांची स्वतःची घरगुती मुक्कामाची सोय असते. खोली, जेवण, जीप आणि पक्षी असा सगळा व्यवहार एकाच घरी होतो.

माझं मत सरळ आहे. एकटे असाल, पहिल्यांदाच राज्याबाहेर जात असाल, तर आयोजकाबरोबर जायला हरकत नाही. तीन-चार मित्र असाल तर थेट स्थानिक माणूस गाठा. कारण पायवाटेची रुंदी. रानातली वाट एका माणसापुरती असते. पुढचे तिघे कर्णा बघतात, पाचव्याला त्याची शेपटी दिसते, आणि आठवा “काय होतं?” असं विचारेपर्यंत पक्षी गेलेला असतो. आयोजकाबरोबर गेलात तरी एका वाटाड्यामागे किती माणसं, हे पैसे भरण्याआधी विचारा. चार ठीक, सहा म्हणजे ओढाताण. त्याच्या पुढचा गट भिगवणलाच बरा.

वाटाड्याशी फोनवर बोलताना या गोष्टी विचारून घ्या:

- रानात तुम्ही स्वतः येणार की दुसरं कोणी? नावाजलेल्या माणसाच्या नावावर बुकिंग होतं आणि प्रत्यक्षात पुतण्या येतो, असं घडतं. पुतण्या तयारीचा असेलही, पण आधी कळलेलं बरं.
- कोणत्या वाटांवर जाणार? अभयारण्याच्या आत वनखात्याची परवानगी लागते. उरुळनतण्णीसारख्या बाहेरच्या जागांवर मात्र रस्त्यावरूनही छान पक्षी मिळतात. परवान्याचे पैसे दरात धरलेत का?
- सकाळी किती वाजता निघायचं? “नाश्ता करून साडेआठला” असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा.
- पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावता का? कितपत? यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.
- रात्रीची फेरी दरात आहे का? जीप कोणाची? रद्द केलं तर आगाऊ रकमेचं काय?

मग तुम्ही त्याला काय हवंय ते सांगा. “सगळं दाखवा” असं म्हटलं तर काम बिघडतं. आठ-दहा पक्ष्यांची यादी पाठवा आणि त्यातले तीन ठळक करा. समजा, तुम्ही आंबोलीला धनेश आणि कर्णा मनसोक्त पाहिलेत. तर ते यादीतून काढा आणि पांढऱ्या पोटाचा टकाचोर, मलबारी बार्बेट, बे आउल यांना वर आणा. चांगला वाटाड्या यादी वाचून लगेच सांगतो, “हे दोन मिळतील, हा नशिबाचा भाग, आणि हा या महिन्यात सोडून द्या.” सगळं शंभर टक्के मिळेल म्हणणाऱ्यापासून जपून.

गटात कोणाचे गुडघे दुखत असतील, कोणाला ऐकू कमी येत असेल, कोणी फक्त फोटोसाठी येत असेल, तर तेही आधीच सांगा. फोटोवाला आणि बघणारा यांच्या चाली वेगळ्या असतात. फोटोवाल्याला एका पक्ष्यापाशी तासभर थांबायचं असतं. दोघांना एकाच वाटेवर बांधलं की दोघंही चिडतात. तट्टेकाडला पाणवठ्यापाशी आडोसे बांधलेले आहेत. फोटोवाल्यांना एक सकाळ तिकडे सोडा.

आणखी एक. इथले बरेच वाटाडे पक्ष्यांची इंग्रजी नावं सफाईनं बोलतात, हिंदी मात्र अनेकांना बेताची येते. तेव्हा मराठी नावं आपल्यासाठी ठेवून इंग्रजी नावं पाठ करून जा. तो “ट्रोगन, लेफ्ट, लो” म्हणाला की तुम्हाला अर्थ लावत बसायला वेळ नसतो. मलयाळममधला एकच शब्द आवश्यक आहे: ‘आना’, म्हणजे हत्ती. तो कानावर पडला की जिथे असाल तिथे गप्प उभं राहायचं.

निघण्यापूर्वीचा महिना: कान तयार करा

वर्षावनात दहातले आठ पक्षी आधी ऐकू येतात. त्यांतले काही फक्त ऐकूच येतात. रोज ऑफिसला जाताना वीस मिनिटं आवाज ऐका. कॉर्नेल लॅबचं मर्लिन अ‍ॅप फुकट आहे. त्यात भारताचा पॅक उतरवून घेतला की जंगलात नेटवर्क नसतानाही चालतं. शंभर आवाजांच्या मागे लागू नका. सुरुवातीला पंधरा पुरेत: कर्णा, राखी धनेश, भृंगराज (रॅकेट-टेल्ड ड्रोंगो), नवरंग, पांढऱ्या गालाचा बार्बेट, मलबारी बार्बेट, पिवळ्या भुवयांचा बुलबुल, हार्ट-स्पॉटेड सुतार, रूफस बॅबलर वगैरे.

अ‍ॅपवर पूर्ण विसंबू नका, याचं खास कारण भृंगराज. तो इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. फोनच्या पडद्यावर एकामागून एक नावं उजळायला लागली आणि समोर एकच काळा पक्षी दिसत असेल, तर यादीत एकच पक्षी लिहा.

रंगीत तालीम घराजवळ करता येते. आंबोलीचं जंगल किंवा गोव्यातला तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराभोवतीचा परिसर यासाठी फार चांगला. मलबारी राखी धनेश, कर्णा, भृंगराज आणि गोव्याचा राज्यपक्षी असलेला लाल कंठाचा बुलबुल इथे भेटतात. दोन सकाळी दाट झाडीत काढल्या की मान आणि डोळे यांना सवय होते. ही तालीम न करता थेट तट्टेकाडला जाणारे लोक पहिले दोन दिवस दुर्बीण पक्ष्यावर आणण्यातच घालवतात.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. 8×42 घ्या. बाहेर येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास भिंगाचा आकार भागिले वर्धन असा निघतो: 8×42 मध्ये 5.25 मिलिमीटर, 10×42 मध्ये 4.2. काळोख्या रानात हा फरक डोळ्याला कळतो. शिवाय 10 वर्धनात हात हलला की चित्रही जास्त हलतं आणि दिसण्याचा पट्टा अरुंद होतो. दोन मीटरच्या आतलं स्पष्ट दिसायला हवं, कारण बॅबलर कधीकधी बुटापाशीच येतात. आतून धुकं न धरणारी, नायट्रोजन भरलेली दुर्बीण असेल तर उत्तम. तरी बाहेरच्या काचांवर धुकं धरतंच, म्हणून सकाळी एसीच्या खोलीतून ती एकदम बाहेर काढू नका. पहिली पंधरा मिनिटं काचा पुसण्यात जातील.

कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे. पांढरा शर्ट आणि सळसळणारं जॅकेट घरीच. मुन्नारसाठी स्वेटर आणि कानटोपी विसरू नका. उंची हजार मीटर वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. तट्टेकाडला घामानं निथळलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे मुन्नारला कुडकुडत असतो. जानेवारीत तिथे पारा शून्याच्या आसपासही गेलेला आहे.

पहिली सकाळ कशी जाते

पहाटे साडेपाचला काळा चहा, सहाला वाटेवर. उजाडता उजाडता नवरंगाची दोन सुरांची शीळ येते. संधिप्रकाशात तो बोलतो, नंतर दिवसभर मौन. याच वेळी वाटेच्या कडेला राखी रानकोंबडा चरताना दिसतो. पहिला अर्धा तास तुम्ही काहीही विचारू नका. वाटाडा कान लावून रानाची हजेरी घेत असतो. त्याला घेऊ द्या.

साडेसात-आठनंतर खरा खेळ सुरू होतो, तो मिश्र थव्यांचा. रान दहा-पंधरा मिनिटं सुनसान असतं आणि अचानक एका टप्प्यात वीस-पंचवीस पक्षी एकदम येतात. शेंड्यावर निखार, मधल्या फांद्यांवर पिवळ्या भुवयांचे बुलबुल आणि स्वर्गीय नर्तक, खोडावर हार्ट-स्पॉटेड सुतार आणि शिलींध्री, खाली झुडपांत बॅबलर, आणि या सगळ्यांच्या मधोमध भृंगराज. एकाच्या हालचालीनं उडालेले किडे दुसऱ्याला मिळतात, आणि शिकारी पक्षी आला तर कोणीतरी आधी ओरडतं. हा फायद्याचा व्यवहार आहे. थवा लग्नाच्या वरातीसारखा पुढे सरकत राहतो आणि पाच मिनिटांत निघून जातो.

या पाच मिनिटांत नवखा माणूस दिसेल त्या पक्ष्यामागे दुर्बीण फिरवतो आणि शेवटी त्याच्या हाती एकही ओळख लागत नाही. तसं करू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी थव्याची दिशा बघा. वाटाडा थोडा पुढे जाऊन मोकळ्या जागेत उभा राहील; त्याच्या शेजारी उभे राहा आणि थव्याला आपल्याकडे येऊ द्या. मग एकेक थर घ्या. शेंड्यावरचे पक्षी आकाशाच्या उजेडात काळेच दिसतात, ते शेवटी. मधल्या थरापासून सुरुवात करा. एक पक्षी नीट बघून झाला की पुढचा.

पक्षी दाखवण्याची भाषा गटात आधीच ठरवून घ्या. “ते बघ, तिकडे, त्या झाडावर” याचा जंगलात उपयोग शून्य. घड्याळ वापरा: वाट जिकडे जाते ते बारा, उजवा हात तीन. मग झाड ओळखायची खूण, मग उंची, मग फांदी. “दोन वाजता, पांढऱ्या सालीचं झाड, पहिल्या दुबेळक्याच्या वर, डावी फांदी, टोकापासून हातभर आत.” पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणायची. खाली बघून दुर्बीण शोधली की पक्षी हरवला.

कर्ण्याची एक खोड माहीत असू द्या. नराचं पोट लालभडक असतं, पण संशय आला की तो पाठ करून बसतो, आणि पाठ वाळक्या पानाच्या रंगाची. लोक लगेच गोल फिरून समोरून बघायला जातात. मग तो उडतो. जागचे हलू नका. दहा मिनिटांत तो मान वळवतो, किडा पकडायला झेपावतो आणि बऱ्याचदा समोर तोंड करून बसतो.

साडेदहा-अकराला परत. दुपारी झोपा. हा आळस नाही, कामाचा भाग आहे, कारण साडेतीनला पुन्हा निघायचं आणि अंधार पडल्यावरही फिरायचं आहे. जेवणात मट्टा तांदळाचा भात आणि खोबरेल तेलातल्या भाज्या असतात. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, अडचण येत नाही.

जळवा आणि हत्ती

जळवांना भिऊन सहल रद्द करणारे लोक मला भेटले आहेत. जळू रोग पसरवते म्हणून नव्हे, किळस येते म्हणून. उपाय साधा आहे: घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे सुती लीच सॉक्स. पँट त्यांत खोचायची, वरून नाडी बांधायची. पिशवीत थोडं मीठ. चिकटलीच तर नखानं तिची टोकाकडची पकड सोडवा. जखमेतून थोडा वेळ रक्त वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. साबणाने धुऊन दाबून धरलं की थांबतं. वाटेत पाचोळ्यावर बसकण मारू नका, एवढं पथ्य पुरेसं.

हत्तीचं तसं नाही. या पट्ट्यात हत्ती आहेत, आणि दाट झाडीत ते पंधरा पावलांवर असले तरी दिसत नाहीत. ताजी लीद, मोडलेला बांबू, पोटातली गुरगुर या खुणा वाटाडा वाचतो. तो “आज ही वाट नको” म्हणाला तर वाद नको, मग तिथे तुमचा यादीतला पहिला पक्षी का बसलेला असेना. इअरफोन लावून चालणं, एकट्यानं मागे रेंगाळणं, पहाटे वाटाड्याच्या आधीच गेटपर्यंत फेरी मारून येणं, हे तिन्ही बंद.

फ्रॉगमाऊथ आणि रात्र

तट्टेकाडला येणाऱ्यांपैकी निम्मे श्रीलंकन फ्रॉगमाऊथसाठी येतात. पश्चिम घाट आणि श्रीलंका सोडून तो कुठेच नाही. रुंद बेडकासारखं तोंड, चेहऱ्यावर राठ केस. दिवसा जोडी एकमेकांना खेटून, डोळे मिटून, वाळकी पानं अडकलेल्या फांदीवर बसते. नर राखाडी, मादी तांबूस. चार फुटांवरून बघूनही पान आणि पक्षी वेगळा करता येत नाही. वाटाड्याचं मोल इथे कळतं. तो रोज त्या जागा तपासत असतो, जोडीनं फांदी बदलली तर दुपारी पुन्हा शोधतो.

बघायची रीत अशी: दोघे-दोघे जायचं, वाकून, फांद्या न हलवता, पाच मिनिटांत परत. विणीच्या काळात मादी एकच अंडं घालते आणि दिवसा ते नर उबवतो. म्हणजे दिवसा एकटा नर बसलेला दिसला तर त्याच्याखाली घरटं असू शकतं. अशा वेळी लांबूनच वळा.

रात्रीची फेरी दीड तासाची पुरते. रानपिंगळे, तपकिरी घुबड, जर्डनचा रातवा यांची शक्यता चांगली. श्रीलंकन बे आउल दिसला तर जेवायला उशीर झाला तरी चालेल. टॉर्चचा झोत थेट डोळ्यांत मारू नका. तो पक्ष्याच्या बाजूला ठेवा, कडेचा उजेड बघायला पुरतो. फ्लॅश तर नाहीच.

वर मुन्नारला

तट्टेकाडहून नेरियमंगलम आणि अडिमाली मार्गे घाट चढायचा. वाटेत चीयप्पारा आणि वालरा धबधब्यांपाशी गर्दी असते. तिथे चहा घ्या आणि पुढे चला. मुन्नारला वेगळा वाटाड्या लागेल. खालच्याच माणसाला वर न्यायचा मोह होतो, कारण त्याच्याशी आता गट्टी जमलेली असते. पण शोलाचा रोजचा वावर असलेला माणूस वेगळा.

एक सकाळ एरविकुलमची. राजमलेपर्यंत वनखात्याची बस नेते आणि मग डांबरी रस्त्यानं चालायचं असतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि पहिली बस धरा. दहानंतर रस्ता सेल्फीवाल्यांचा असतो. निलगिरी तीरचिमणी याच गवतात, रस्त्यालगत, मिळते. पळनी लाफिंगथ्रश झुडपांच्या कडेला इतका निर्धास्त असतो की दुर्बीण लागत नाही. ताहर तर हाताच्या अंतरावर चरतात. त्यांना खायला घालू नका.

दुसरी सकाळ पाम्पाडुम शोला. सव्वा चौरस किलोमीटरच्या थोडं वर एवढंच हे राष्ट्रीय उद्यान, केरळातलं सर्वांत लहान. वट्टवडाकडे जाणारा रस्ता त्यातूनच जातो. शोलाकिली आणि काळा-नारिंगी माशीमार दोघंही जमिनीलगत, काळोख्या कोपऱ्यात असतात. इथे चालायचं कमी, उभं राहायचं जास्त. ओढ्यापाशी वीस मिनिटं हालचाल न करता थांबलात तर ते आपणहून बाहेर येतात. खालच्या रानात आवाजांचा गोंधळ असतो, तर इथे शांतता असते. पानांवरून ठिबकणारं धुकं आणि मध्येच एक बारीक शीळ, बस्स.

आवाज वाजवणं, घरटी, फोटो

मोबाईलवर हाक वाजवली की पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून धावत येतो. त्याचं खाणं थांबतं, घरट्यावरचं लक्ष उडतं. एका गटानं एकदा केलं तर फारसं बिघडत नाही. पण तट्टेकाडसारख्या जागी एकाच पक्ष्यापुढे हंगामभर रोज कोणी ना कोणी येतं. मी सांगेन, विणीच्या काळात अजिबात नको. एरवी एक-दोनदा, हलक्या आवाजात, आणि पक्षी दिसला की बंद. तुम्हीच आधी “आम्हाला प्लेबॅक नको” म्हणालात तर वाटाड्यालाही हायसं वाटतं. तो बऱ्याचदा गिऱ्हाईक नाराज होईल या भीतीनं वाजवत असतो.

घरट्याचा प्रश्न मताचा नाही, कायद्याचा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणं धरलेलं आहे. फोटोसाठी समोरचं पान बाजूला करणंही पक्ष्याला महाग पडतं; झाकलेलं घरटं शिक्र्याला दिसायला लागतं. फ्रॉगमाऊथ किंवा घुबडाचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका, फक्त जिल्हा पुरे.

यादी आणि पैसे

रोज संध्याकाळी वाटाड्याबरोबर बसून यादी वाचा. तो सांगेल, “हा तुम्ही ऐकलात, पाहिला नाही.” ती नोंद तशीच करा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फेरीगणिक वेगळी यादी टाका. सबंध दिवसाची एकच मोठी यादी टाकली तर उंची आणि जागा दोन्ही हरवतात, आणि अभ्यासाला ती कुचकामी ठरते. 2015 ते 2020 या काळात केरळच्या हौशी पक्षीनिरीक्षकांनी मिळून आपल्या राज्याचा पक्षी-अ‍ॅटलस पूर्ण केला. नेमक्या जागेच्या नोंदींचा असा उपयोग होतो.

ठरलेली रक्कम दर दिवशी किंवा शेवटी, जशी ठरली असेल तशी, घासाघीस न करता द्या. वर काही द्यावंसं वाटलं तर रोख द्या आणि जीपच्या ड्रायव्हरलाही विसरू नका. निम्मे धनेश त्यानंच आधी पाहिलेले असतात.

परतीला मुन्नारहून कोची विमानतळ साधारण चार तास धरा, सुट्टीच्या दिवशी पाच. संध्याकाळी पाचनंतरचं विमान घेतलं तर शेवटच्या दिवशीही पहाटेचे दोन तास चहामळ्याच्या कडेला मिळतात. रेल्वेनं येणाऱ्यांनी आलुवा स्टेशन धरावं. नेत्रावती आणि मंगला दोन्ही तिथे थांबतात, आणि एर्नाकुलम शहरातली वाहतूक चुकते.